थोड्या वेळाने पुन्हा पाहावे

रविवारी दुपारी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवता बुडवता आबा सहज म्हणाले, “रणपिशांचं अजून काय न्हाई. माहिती भरायचं काम चाललंय म्हणं त्यांचं. कृपया थोड्या वेळाने पुन्हा पाहावे, असं लिव्हलंय.” आधीची वाक्यं त्यांच्या नेहमीच्या बोलीतली होती. शेवटचं मात्र त्यांनी छापल्यासारखं म्हटलं, ‘कृपया’सकट, जपून, कुणाचा तरी निरोप पोचवावा तसं. आई म्हणाली, “लिव्हलंय तर बघा मग पुन्यांदा.” मी पळी पातेल्यात घातली आणि उगाच आमटी ढवळत बसले. ते वाक्य रणपिशांचं, म्हणजे मला बघून गेलेल्या मुलाकडच्यांचं, नव्हतं. ते माझं होतं. मी ते ऑफिसात बसून, शब्द पुढेमागे करून, फॉन्ट बदलून बदलून बनवलं होतं, आणि आता ते माझ्याच घरात, माझ्याच बापाच्या तोंडून, माझ्याच ताटासमोर येऊन बसलं होतं. आबांना एवढं ठाऊक होतं की दौंडच्या वधू-वर केंद्राची वेबसाईट आमच्या ऑफिसात होते आणि त्यातले बायोडाटे मी टाइप करते. पण टाइप करणारी म्हणजे लिहिणारी नव्हे. लग्नपत्रिका छापणाऱ्याला कुणी ‘तुमचं आमंत्रण पोचलं’ असं म्हणत नाही. आबांच्या लेखी वेबसाईटच्या पानावर जे काही येतं ते पलीकडची मंडळी बोलतात. त्यांनी विचारलं, मुलाकडच्यांनी उत्तर दिलं. आणि मला विचारायचा तर प्रश्नच नव्हता. मुलीच्या स्थळाबद्दल मुलीला कोण विचारतं?

शिरूरच्या बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर बाळासोंचे कॉम्प्युटर क्लास होते. पुढच्या खोलीत पोरं शासनाचा कोर्स करायची, मागच्या खोलीत दोन मशिनं होती, त्यातल्या एकावर मी. पाटी होती ‘वेब डिझाइनिंग’. पतसंस्था, रसवंतीगृह, एक दातांचा डॉक्टर, रांजणगावच्या कंपन्यांना कामगार पुरवणारा एक ठेकेदार, असल्यांच्या वेबसाईटी मी केल्या. दौंडचे आनंदराव साळवे पहिल्यांदा आले आणि केंद्र बौद्ध समाजाचं आहे असं म्हणाले, तेव्हा बाळासो माझ्याकडे वळून म्हणाले, “हे तुमच्या लोकांचं काम, तूच बघ.” बाकी सगळी कामं कुणाच्या लोकांची होती ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आनंदराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. कपड्यांना कडक इस्त्री, खिशात दोन पेनं, आणि समाजाचं काहीतरी करायचं ही खरी कळकळ. फॉर्ममधला पत्रिकेचा रकाना त्यांनी मोठ्या अभिमानाने काढून टाकला होता. “आपल्यात हे थोतांड न्हाई, ताई.” रंगाचा रकाना मात्र तसाच होता. माझा स्वतःचा फॉर्म आबांनी भरून दिला, तो त्यांच्या गठ्ठ्यातून माझ्याच टेबलावर आला आणि मीच तो टाइप केला. भाग्यश्री बबनराव ओव्हाळ. रंग : निमगोरा. आबांनी तिथे पेन जरा थांबवलेलं दिसत होतं. अपेक्षा : अनुरूप. मी टाइप केलं, शुद्धलेखन तपासलं, फोटो छाटून चौकोनात बसवला. कुणा परक्या मुलीचं करते तसंच केलं, उलट तिच्यासाठी फोटो थोडा उजळ करते तसा माझा केला नाही. त्या वेळी तो मला स्वाभिमान वाटला होता.

मग एररच्या पानाचं निघालं. स्थळ जमलं की त्या मुलाचं किंवा मुलीचं पान काढून टाकायचं, अशी आनंदरावांची शिस्त. पण लोकांकडे पानाचा पत्ता चिठ्ठीवर लिहिलेला असायचा. ही मामी त्या आत्याला द्यायची, आत्या सायबर कॅफेत जाऊन उघडायला लावायची, आणि समोर यायचं पांढरंफटक पान, त्यावर काळ्या अक्षरात इंग्रजी. नॉट फाउंड, चारशे चार. कासुर्डीच्या एका बाईने आनंदरावांना फोन करून विचारलं होतं, “भाऊ, चारशेवीस म्हाईत व्हतं, हे चारशेचार काय नवीन काढलं?” आनंदराव हे सांगताना स्वतः हसले, पण लगेच गंभीर झाले. म्हणाले, “लोकांना अपमान वाटतो, ताई. दारातनं हाकलल्यावानी वाटतं. आपलं पान बनवा. मराठीत. गोड.” मी सरळ लिहिलं : हे स्थळ आता उपलब्ध नाही. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनजवळ तोंड नेलं आणि ‘नाही’वर बोट टेकवलं. “एवढं काढा.” मी म्हटलं, “काका, ते नाहीच आहे.” “नसू दे. पर असं तोंडावर लिहायचं न्हाई. आपल्यात पोरीचा बाप कसा येतो ते म्हाईत हाय ना तुमाला? त्याला न्हाई म्हणायला जीभ रेटत न्हाई.” मी विचारलं, मग काय लिहू? त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग म्हणाले, “आपण कळवतो म्हणतो बघा. तसलं कायतरी.”

कळवतो. हा शब्द ज्याने काढला त्याला मला एकदा भेटायचं आहे. मंडळी येतात, पोहे खातात, पोह्यांना बरं म्हणतात, मुलीला एखाददुसरा प्रश्न विचारतात, मुलीची आई पदराने उगाच ओठ टिपत आत-बाहेर करते, आणि जोडे घालताना त्यांच्यातला वडीलधारा म्हणतो, “कळवतो.” त्यानंतर कळवायचं नसतं हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. तरी घरातला फोन वाजला की मुलीचा बाप पहिल्यांदा उठतो. आठवडा जातो, महिना जातो, बाप कुणा ओळखीच्याला बाजारात गाठून अंदाज घेतो, तो ओळखीचाही म्हणतो, “इचारून कळवतो.” होकार आला तर तो वाजतगाजत येतो. नकार कधी येतच नाही, तो नुसता साचत जातो, डबक्यासारखा, आणि मुलगी त्यात पाय घालून बसलेली असते. कुणी मन मोडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही, सगळे भले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्लेला माणूस जसा गप्प असतो तसं आमचं घर गप्प असायचं. आबा शिरूर डेपोत कंडक्टर होते. सगळी नोकरी त्यांनी चौकशीच्या खिडकीतून येणारं ‘लागंल आता, बसा’ हे ऐकण्यात आणि तेच प्रवाशांना ऐकवण्यात काढली. न्हावऱ्यावरून दौंडला जाणारी गाडी रद्द झालेली असली तरी रद्द म्हणायचं नाही, माणसं खिडकीवर चढतात. लागंल आता. माणसं पिशवीवर बसून वाट बघायची, अंधार पडला की आपोआप उठून जायची. आबांना हे सगळं आतून ठाऊक. असल्या वाक्याला या जगात कुणी फसायला नको होतं, तर ते आबा. पण लेकीचा बाप झाला की कंडक्टरही पिशवीवर बसतो.

तर मी लिहिलं : माहिती अद्ययावत करण्याचे काम सुरू आहे. कृपया थोड्या वेळाने पुन्हा पाहावे. आनंदरावांनी दोनदा वाचलं, मान डोलावली. “वा. कुणाचं मन मोडलं न्हाई.” त्यांना वर दोन जोडलेले हात हवे होते, ते मी टाकले, भोवती निळी किनार दिली. मराठी अक्षरं प्रत्येक मशिनवर नीट दिसतीलच याचा तेव्हा भरवसा नव्हता, म्हणून अख्खं वाक्य चित्र करून बसवलं. मग वेगळीच अडचण आली. तेव्हाच्या ब्राउझरची खोड अशी, की आपण बनवलेलं एररचं पान आकाराने फार लहान असेल तर तो ते दाखवायचाच नाही, त्याऐवजी स्वतःचं इंग्रजी पान पुढे करायचा. त्यावर उपाय म्हणजे पानाच्या आत, वाचणाऱ्याला दिसणार नाही असा काहीतरी मजकूर भरून त्याचं वजन वाढवायचं. कुणी त्यात टिंबं भरतात, कुणी शून्यं. मी इंग्रजी अक्षरांत ‘नाही’ टाइप केलं. मग त्याच्या पुढे पुन्हा ‘नाही’. नाही नाही नाही नाही, ओळीमागून ओळ, पान पुरेसं जड होईपर्यंत. कॉपी करून चिकटवता आलं असतं, पण मी प्रत्येक वेळी बोटांनी टाइप केलं आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. वर जोडलेले हात आणि ‘कृपया’, खाली पोटात ते सगळं. मी तेव्हा हसलेसुद्धा होते. पलीकडच्या मशिनवरची माया म्हणाली, “काय गं, एकटीच?” मी म्हटलं, काही नाही, वजन वाढवतेय.

सत्यजीत रणपिसे या पानाच्या आधीच मला बघून गेला होता. घर दौंडचं, नोकरी रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला, राहायला कारेगावात खोली. बाकीच्यांसारखा तो भिंतीवरच्या फोटोंकडे बघत बसला नाही. त्याने विचारलं, “तुमी बनवलेलं काय काय हाय नेटवर? मला बघायचंय.” त्याआधी मला स्वयंपाक येतो का, साडी नेसता येते का, लग्नानंतर नोकरी सोडायची तयारी आहे का, असलं सगळं विचारून झालं होतं निरनिराळ्या लोकांचं. मी बनवलेलं काय आहे, हे कुणी विचारलं नव्हतं. मी दातांच्या डॉक्टरची साईट सांगितली, रसवंतीची सांगितली, तो मोबाइलमध्ये टिपून घेत होता. “मी बघीन,” म्हणाला. त्याची आई उठताना म्हणाली, “कळवतो.” मी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं, कारण तो दारात बुटाची नाडी बांधायला उगाच वेळ लावत होता. हे मी कुणाला सांगितलं नाही. नाडीची गाठ बसत नसेल, दुसरं काय. पण पुढचे कितीतरी दिवस मी रसवंतीच्या साईटवर आलेल्यांचा आकडा बघायचे आणि तो एकाने जरी वाढला तरी मला वाटायचं हा तोच. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण त्यातलं सगळ्यात मोठं विघ्न म्हणजे नकटीलाच आशा सुटत नाही.

मग आनंदरावांचा फोन आला. जमलेल्या स्थळांची नावं सांगितली, पहिलंच नाव सत्यजीतचं. मुलगी हडपसरची, बँकेत. “लई चांगलं झालं बघा,” आनंदराव म्हणाले आणि मग त्यांना एकदम आठवलं असावं, कारण ते खोकले आणि पुढचं नाव घाईने सांगितलं. त्याचं पान मीच काढलं. फाइल निवडायची, डिलीट दाबायचं, खात्री आहे का असं मशिन विचारतं, हो म्हणायचं. मशिन निदान विचारतं. घरी येऊन मी भाजी चिरली. सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. एक उत्तर असं की आमच्यात सांगायची पद्धतच नाही, बाकीची विरली तसं हेही विरेल असं वाटलं. दुसरं उत्तर जास्त खरं आहे. सांगितलं असतं तर आबांनी माझ्याकडे बघितलं असतं. ते बघणं मला नको होतं. आणि आबा सगळ्या जगाला सोडून याच एका स्थळाला धरून बसतील, हे मला तरी काय माहीत? त्यांनाही ती नाडी दिसली होती की काय कोण जाणे.

आता या भिजत घोंगड्यात माझी नोकरी अडकली होती, म्हणून सांगते. पुण्याच्या एका कंपनीने मला घेतलं होतं. खरीखुरी वेब डिझाइनची कंपनी, बसायला स्वतःचं टेबल, पगार बाळासोंच्या चौपट, बायकांच्या होस्टेलची सोय त्यांनीच बघून ठेवलेली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माझी कामं बघितली आणि म्हणाल्या, “हे तुम्ही शिरूरमध्ये बसून केलंत?” मी परतीच्या गाडीत कोरेगाव भीमा येईपर्यंत तेवढंच वाक्य मनात घोळवत होते. त्यांना मी घरचा नंबर दिला होता. त्यांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते, आबांनी घेतला. संध्याकाळी म्हणाले, “पुण्याच्या कंपनीचा मानूस व्हता. कळवतो म्हणलोय त्याला.” मी विचारलं, काय कळवणार? “आगं, रणपिशांचं कळू दे की आदी. ठरलं तर त्यांना इचारून करावं लागंल. आपण आधीच हो म्हणून बसलो आन् त्यांना नगं असलं तर?” मी म्हटलं, आणि त्यांचं कळलंच नाही तर? आबा म्हणाले, “कळंल. घाई नगं.” म्हणजे पुणे थांबलं होतं आबांवर, आबा थांबले होते रणपिशांवर, आणि रणपिसे तर हडपसरची सोयरीक करून मोकळे झाले होते. हे सगळं मला कळलं रविवारी, आमटी ढवळताना. आबांना थांबवून ठेवलं होतं ते माझ्या वाक्याने. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सोमवारी ऑफिसात गेल्यावर पहिल्यांदा मी साईटची ती यादी उघडली जिच्यात लोकांनी मागितलेली आणि न सापडलेली पानं दिसतात. एरवी तिच्याकडे कोण बघतंय. एकच पान पुन्हा पुन्हा. रणपिशांचं. वर रणपिसे, खाली रणपिसे, मध्ये कुणीतरी दुसरंच चुकून आलेलं, पुन्हा रणपिसे. काही ठिकाणी तर लागोपाठ, एकदा बघितलं आणि लगेच पुन्हा बघितलं असं. थोड्या वेळाने म्हणजे किती, हे मी लिहिलं नव्हतं ना. दुपारी लोडशेडिंगची वेळ झाली, मशिनं बंद पडली, क्लासची पोरं कलकलाट करत खाली उतरली. मीही उतरले. एस. टी. स्टँडसमोरच्या सायबर कॅफेला इन्व्हर्टर होता, तेवढंच दुकान उजेडात होतं. मी तिकडे का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. बाहेर आबांच्या चपला होत्या. सायबर कॅफेत कुणी चपला काढतं का? बाकीची पोरं बुटासकट बसली होती. आबांनी चपला दाराशी, एकीला एक लावून, काढून ठेवल्या होत्या आणि आत खुर्चीच्या कडेवर, पाठीला पाठ न टेकवता, टोपी मांडीवर घेऊन ते बसले होते. लोकांच्या घरी बसतात तसे. रणपिशांच्या घरी बसले असते तसे. कॅफेवाल्याने त्यांना पान उघडून दिलं आणि तो आपल्या जागी गेला. माझी निळी किनार मला काचेतून ओळखू आली. आबांचे ओठ हलले. त्यांनी वाचलं. वाचून झाल्यावरही ते बसून राहिले, हात गुडघ्यांवर, अजून आतून कुणी बाहेर येईल असे. मला भयंकर राग आला. आनंदरावांचा आला, त्या नाडीवाल्याचा आला, सगळ्यात जास्त आबांचा आला. ज्या वाक्याने आयुष्यभर लोकांना फसवलं त्याच वाक्याने फसणारा म्हातारा! आणि मग त्यांनी उठताना स्क्रीनकडे बघून किंचित मान लववली. मी तिथून निघाले ती सरळ चालत सुटले, पुणे-नगर रस्त्यापर्यंत. कंपन्यांच्या बसेस शिफ्टची माणसं घेऊन जात होत्या. रडू आलं नाही, आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाच्या नावानं रडायचं?

वीज आल्यावर मी मशिनसमोर बसले. घरी जाऊन सांगता आलं असतं. आबा, त्या पोराचं लग्न ठरलं, उठा आता. इतकं सोपं. मी ते मनात म्हणून बघितलं आणि प्रत्येक वेळी आबांची मान माझ्याकडे वळलेली दिसली. आई परातीवरून हात काढून बघतेय असं दिसलं. त्यापेक्षा हे बरं. इथलं काम मला येत होतं, शब्द माझ्या हातात होते. आणि आबा त्या पानाचं ऐकत होते, माझं त्यांनी कधी ऐकलं असतं? मी जुनं वाक्य काढलं. ‘हे स्थळ उपलब्ध नाही’ लिहिलं, ते सरकारी वाटलं. ‘क्षमस्व’ लिहिलं, ते खोडलं. क्षमा कुणी मागायची, मी? ‘आपण चुकीच्या पानावर आला आहात’ असं लिहिलं, तेव्हा आबांच्या चपला दिसल्या. शेवटी लिहिलं : या स्थळाचे लग्न जमले आहे. वाट पाहू नये. ठळक अक्षरात. जोडलेले हात काढून टाकले. आता पानाला पोटात भरायला काहीतरी हवं होतं, तिथे मी टिंबं टाकली. आनंदरावांना विचारलं नाही. आबांच्या खुर्चीला आता काही आधार उरणार नाही, ते उठतील, घरी येतील, दोन दिवस गप्प राहतील आणि मग पुण्याला फोन करा म्हणतील, असा माझा हिशेब होता.

आनंदरावांचा फोन मंगळवारी सकाळीच आला. “ताई, हे काय लिव्हलंय? लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, “काका, खरं तेच लिहिलंय.” ते म्हणाले, “खरं लिहायला कुणी सांगितलं व्हतं तुमाला?” मग ते हळू आवाजात म्हणाले, “बबनरावांनी बघितलं का?” म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. आबा त्यांच्याकडेही जाऊन आले असणार आणि त्यांनीही ‘बघतो, कळवतो’ म्हणून पाठवलं असणार. मी म्हटलं, बघतील. त्यांनी फोन ठेवला.

बुधवारी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. ताटं वाढल्यावर आत आले. भाकरी कुस्करली, दुधाची वाटी बाजूला सारली, आणि मग ताटाकडे बघतच म्हणाले, “जमलं म्हणं रणपिशाच्या पोराचं.” आई म्हणाली, “कोण म्हणलं?” “लिव्हलंय. वाट पाहू नये म्हणून लिव्हलंय.” पुन्हा तसंच, छापल्यासारखं. मग म्हणाले, “असं लिव्हत्यात व्हय? तिथं चार पोरं बसल्याली. त्यो कॅफेवाला वाकून वाचतोय आन् म्हणतो, मामा, झालं की वो तुमचं. कुणी लिव्हलं आसंल? लेकबाळ नसंल त्याच्या घरात.”

“मी लिहिलंय, आबा,” मी म्हटलं. त्यांना कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं, “ते पान मी बनवते. आधीचंही मीच लिहिलं होतं. त्याचं पान काढलं तेसुद्धा मीच. मला माहीत होतं.” आता ते माझ्याकडे बघणार म्हणून मी तयार होते. त्यांनी बघितलं. मला वाटलं होतं तसं ते बघणं नव्हतं, त्यात कीव नव्हती. दमलेला माणूस रस्त्याकडे बघतो तसं ते होतं. म्हणाले, “तुला म्हाईत व्हतं. एका घरात राहतो आपण. मग हितं सांगायचं व्हतं की गं. तिथवर कशाला चालवलंस मला?”

आनंदरावांना मी केवढं तोंड वर करून बोलले होते, खरं लिहिलंय म्हणून. खरं मी स्टँडसमोरच्या दुकानात नेऊन टांगलं होतं, आणि म्हाताऱ्या माणसाला ते चारचौघांत वाचायला पाठवलं होतं. पण राग माझाही संपला नव्हता. आता तरी माझं काही होऊ दे, असं मला वाटलं, आणि मी ते बोललेसुद्धा. “झालं ते झालं. आता रणपिशांचा प्रश्न मिटला. पुण्याला उद्या मी फोन करते, येते म्हणून सांगते.”

आबांनी भाकरीचा काला ताटाच्या एका कडेला गोळा केला. आईकडे एकदा बघितलं, आईने चुलीकडे तोंड केलं. तिलाही माहीत होतं. “त्यांची वाट बघू नगंस,” आबा म्हणाले. “त्या मानसाला मी तवाच न्हाई म्हणून सांगितलं. त्यांनी दुसरी पोरगी घेतली.”

“तुम्ही तर कळवतो म्हणालात.”

“ते तुला म्हणलो.”

मला वाटलं मी ओरडेन. ताट भिरकावून देईन असंही वाटलं. ज्या माणसाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही म्हणून अख्खं दौंड मला शिकवत होतं, त्याने फोनवर, उभ्या उभ्या, एका वाक्यात माझं पुणं मिटवून टाकलं होतं. एवढ्या वर्षांत या घरातून स्पष्ट नकार एकदाच गेला आणि तो माझ्या वतीने. मी विचारलं, “त्याला कसं म्हणता आलं तुम्हाला?”

“त्यो परका,” आबा म्हणाले. “परक्याला न्हाई म्हणता येतं. तू घरातली.”

आईने भाताचं पातेलं आणलं आणि वाढू का म्हणून विचारलं. भूक कुणालाच नव्हती. आम्ही दोघांनी आपापलं ताट पुढे केलं.